नारळाचा फोटो नको, थराची जाडी सांगा

राज्यातल्या २९ महापालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं आणि बऱ्याच शहरांना कितीतरी वर्षांनी नगरसेवक मिळाले. मुंबई-पुण्याची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. नवी मुंबई, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर इथे तर २०२० पासून प्रशासक होते. या काळात रस्ते झाले नाहीत असं नाही. मुंबईतल्या काँक्रिटीकरणाचा मोठा कार्यक्रम प्रशासकाच्याच काळात सुरू झाला. नव्हता तो दारात जाऊन "हे खोदून का ठेवलंय?" असं विचारता येईल असा माणूस. आता तो आला आहे आणि प्रभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर त्याचे निरोपही येऊ लागले आहेत. कुदळ, नारळ, गळ्यात हार, मागे पंधरा जण आणि खाली "अथक पाठपुराव्याला यश". काम नेमकं काय, किती मीटर, कुणाकडे दिलंय, कधी संपणार, यातलं एक अक्षर त्यात नसतं.

हा प्रश्न नुसत्या प्रसिद्धीच्या हौसेचा असता तर सोडून देता आला असता. पण रस्त्याच्या बाबतीत नगरसेवकाच्या हातात मुळात काय असतं ते बघा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ असो की मुंबईचा १८८८ चा कायदा, अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे आहेत. निविदा प्रशासन काढतं, करार प्रशासन करतं, मोजमाप कनिष्ठ अभियंता घेतो, बिल लेखा विभाग काढतो. नगरसेवक अंदाजपत्रकात तरतूद सुचवतो, सभागृहात आणि प्रभाग समितीत प्रश्न विचारतो, कागद मागतो, जागेवर जाऊन बघतो. थोडक्यात, रस्ता तो बांधत नाही. रस्ता बांधला जाताना लोकांच्या वतीने बघत राहणं हे त्याचं काम आहे. आणि जे बघितलं ते लोकांना सांगितलंच नाही, तर बघण्याला काही अर्थ उरत नाही. म्हणून लोकांना पाठवलेला निरोप हा या कामाचा शोभेचा भाग नाही, निम्मं काम तेच आहे. तो निरोप आज ज्या पद्धतीने लिहिला जातो ती पद्धत नगरसेवकाचंही नुकसान करते आणि रस्त्याचंही.

सुरुवात "काम मंजूर झालं" या वाक्यापासून करू. वाचणाऱ्याला वाटतं, आठ दिवसांत जेसीबी येणार. प्रत्यक्षात हे वाक्य सहा-सात वेगवेगळ्या टप्प्यांना वापरलं जातं. नगरसेवकाने पत्र दिलं आणि त्यावर शेरा मिळाला, तरी "मंजूर". अंदाजपत्रकात रक्कम धरली, पुण्याच्या भाषेत 'स' यादीत काम आलं, तरी "मंजूर". त्यानंतर अभियंता जागेची पाहणी करून दरसूचीप्रमाणे पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचा अंदाज, करतो, मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, दर मान्य होणं, करारनामा आणि शेवटी कार्यादेश, म्हणजे वर्क ऑर्डर. यातल्या कोणत्याही दोन पायऱ्यांमध्ये तीन महिने सहज जातात, आणि निविदेला पुरेसा प्रतिसाद आला नाही तर फेरनिविदा निघते. कार्यादेश हातात येईपर्यंत ठेकेदारावर काम सुरू करण्याचं बंधन नसतं. तेव्हा भूमिपूजन कार्यादेशाआधी झालं असेल तर तो कार्यक्रम आहे, काम नव्हे. निरोपात फक्त एवढं लिहिलं की "प्रशासकीय मान्यता झाली, निविदा निघायची आहे", तरी लोक शांतपणे वाट बघतात. लोक चिडतात ते उशिरापेक्षा फसवणुकीच्या भावनेने.

कार्यादेश निघाल्यावर त्याचा क्रमांक आणि तारीख सांगायला काही हरकत नसावी. त्या एका क्रमांकावर पुढचं सगळं मागता येतं: निविदेतल्या अटी, कामाचा कालावधी, दोषदायित्व कालावधी (म्हणजे ज्या मुदतीत बिघाड ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा), दंडाचा दर. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ प्रमाणे यातलं बरंचसं कुणी न मागता जाहीर करणं अपेक्षितच आहे. कलम २(जे) तर नागरिकाला कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क देतं. दहा रुपयांचा अर्ज करून सामान्य माणूस महिनाभराने जे मिळवतो, ते नगरसेवकाला एका फोनवर मिळतं. मिळालेलं पुढे पाठवायचं, इतकीच अपेक्षा आहे.

आता दिवसांचा हिशेब. सिमेंट काँक्रीटच्या रस्त्याला "पंधरा दिवसांत पूर्ण" असं आश्वासन जेव्हा दिलं जातं, तेव्हा देणाऱ्याने कामाचा क्रम कधी पाहिलेला नसतो. जुना रस्ता उकरायचा, खालची माती दाबायची, खडी-मुरमाचा थर, त्यावर डीएलसी म्हणजे कमी सिमेंटच्या कोरड्या काँक्रीटचा १०० ते १५० मिलिमीटरचा थर. हा थर किमान सात दिवस भिजवल्याशिवाय त्यावर मुख्य काँक्रीट टाकायचं नसतं. मग प्लास्टिकचा कागद अंथरून पीक्यूसी, म्हणजे साधारण एम-४० प्रतीचं काँक्रीट (एम-पुढचा आकडा त्याची ताकद सांगतो), २०० ते ३०० मिलिमीटर जाडीचं. ते चौदा दिवस गोणपाटाखाली सतत ओलं ठेवायचं आणि नेहमीच्या मिश्रणात अठ्ठावीस दिवस त्यावर गाडी सोडायची नाही. रस्त्याला पर्यायी मार्ग नसेल तर हे सगळं अर्ध्या-अर्ध्या रुंदीत करावं लागतं. म्हणजे एका बाजूला सात अधिक अठ्ठावीस, पस्तीस दिवस. दोन बाजूंचे सत्तर. खोदाई आणि खालच्या वाहिन्यांचे दिवस वेगळेच. लवकर पक्कं होणारं मिश्रण वापरून हा काळ कमी करता येतो, पण तसं निविदेत असावं लागतं आणि त्याचे पैसे पडतात.

हे आधीच सांगितलं तर दुकानदार माल कधी भरायचा, गाडी कुठे लावायची, लग्नाचा मांडव कुठे घालायचा याचं गणित बसवतो. न सांगितलं तर विसाव्या दिवशी तोच दुकानदार नगरसेवकाला फोन करतो, नगरसेवक ठेकेदाराला, आणि ठेकेदार गोणपाट उचलून रस्ता उघडतो. मग पुढच्या उन्हाळ्यात वरचा थर भुकटीसारखा निघायला लागतो आणि सगळे म्हणतात, माल निकृष्ट होता. माल कदाचित बराही असेल. त्याला पाणी आणि वेळ मिळाला नाही. रस्ते खराब होण्यात भ्रष्टाचाराचा वाटा आहे हे उघडच आहे, पण लोकांच्या आणि पुढाऱ्यांच्या घाईचा वाटाही छोटा नाही, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही.

काँक्रीटच्या बाबतीत आणखी एक गोष्ट डोळ्यांना दिसते आणि कुणी सांगत नाही म्हणून निसटते. रस्त्यावर साधारण साडेचार मीटरवर आडव्या खाचा मारतात. त्या नक्षीसाठी नसतात. काँक्रीट सुकताना आकसतं आणि तडकणारच असतं. ते सरळ रेषेत, ठरल्या जागी तडकावं म्हणून जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोल काप द्यायचा असतो. २५० मिलिमीटरच्या थराला साठ ते ऐंशी मिलिमीटर. काप द्यायची वेळ साधारण सहा ते चोवीस तासांच्या आत, हवा जितकी गरम तितकी लवकर. उन्हाळ्यात संध्याकाळी काँक्रीट टाकलं, कटरवाला दुसऱ्या दिवशी दुपारी उगवला, की वेडीवाकडी चीर पडलेलीच असते. तिच्यात नंतर सिमेंटचं पाणी ओतून काही होत नाही. ज्या प्रभागात काम चालू आहे तिथल्या लोकांना ही एवढी माहिती दिली, तर पंचवीस खिडक्यांतून कामावर लक्ष राहतं. ठेकेदाराच्या मुकादमाला हे कळलं की त्याची वागणूक बदलते, आणि कनिष्ठ अभियंत्यालाही आधार मिळतो. त्याच्याकडे एकाच वेळी पाच-सहा कामं असतात.

डांबराचं गणित आणखी सोपं आहे आणि ते लोकांच्या हातात द्यायलाच हवं. समजा रस्ता शंभर मीटर लांब, सहा मीटर रुंद, आणि निविदेत वरचा थर चाळीस मिलिमीटर. म्हणजे दाबल्यानंतर २४ घनमीटर माल. एक घनमीटर दाबलेला डांबरी माल साधारण २.३ ते २.४ टन भरतो, तेव्हा एकूण ५५ ते ५७ टन. सोळा-अठरा टनांच्या हायवा, म्हणजे मोठे डंपर, धरले तर तीन पुऱ्या आणि चौथी थोडी तरी. दोनच गाड्या आल्या आणि रस्ता झाला, तर थर पंचवीस मिलिमीटरच्या आसपास बसला आहे. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, गाड्या मोजता याव्या लागतात. प्रत्येक गाडीबरोबर प्लांटची वजनाची पावती असते, तिच्यावर वेळही असते. व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराचा माल पसरताना १४० अंश सेल्सिअसच्या खाली गेलेला चालत नाही आणि माल ९० अंशांच्या खाली उतरण्याआधी रोलरने दाबण्याचं काम पुरं व्हायला हवं. साध्या धातूच्या थर्मामीटरने हे जागेवर कळतं. गाडी वाहतुकीत दोन तास अडकली, वर ताडपत्री नाही, तर माल गोळ्यांनी पडतो आणि रोलर कितीही फिरवला तरी तो एकजीव होत नाही. अशी गाडी परत पाठवावी लागते. परत पाठवली हे कुणी निरोपात लिहिलेलं मी तरी वाचलेलं नाही. खरं तर त्याहून मोठी फुशारकी नगरसेवकाला मारता येणार नाही.

थर संपल्यावर कोअर काढतात, म्हणजे रस्त्यातून गोल नळकांड्यासारखा तुकडा कापून जाडी आणि घनता मोजतात. त्या तुकड्याशेजारी पट्टी ठेवून काढलेला एक फोटो दहा उद्घाटनांच्या फोटोंपेक्षा जास्त सांगतो. आणि कोअरची भोकं त्याच दिवशी भरून घेतली का, हेही बघायचं असतं, नाहीतर पहिला खड्डा तपासणीच्याच जागी पडतो.

जाडी वाढवणं नेहमी चांगलं, असंही नाही. जुन्या डांबरावर दर काही वर्षांनी नवा थर चढवत गेलं की रस्ता वर येतो. चाळीस-पन्नास मिलिमीटरचे चार थर म्हणजे सहा ते आठ इंच. सोसायटीच्या फाटकात पाणी शिरतं, दुकानाची पायरी गाडली जाते, गटाराचं तोंड रस्त्याच्या खाली राहतं आणि चेंबरची झाकणं खड्डे बनतात. यावर उपाय म्हणजे मिलिंग, यंत्राने जुना थर खरवडून काढणं. डांबरीकरणाच्या निरोपात मिलिंग आहे की नाही आणि चेंबर पातळीत आणण्याचं काम याच निविदेत आहे की दुसऱ्या, ही दोन वाक्यं नसतील तर तो निरोप अपुरा समजावा. चेंबर उचलण्याचं काम बऱ्याचदा ड्रेनेज विभागाकडे असतं, रस्ता पथ विभागाकडे. दोघांच्या मध्ये दुचाकीवाला पडतो.

आता त्या जगप्रसिद्ध तक्रारीकडे येऊ: रस्ता झाला आणि आठ दिवसांत खोदला. यात विभागांचा समन्वय नाही, असं म्हणून आपण सुटतो. पण बहुतेक वेळा मुख्य वाहिनी आधीच टाकलेली असते. राहिलेल्या असतात त्या घरजोडण्या. रस्त्याच्या मधोमध नवी जलवाहिनी गेली, पण तिच्यावरून पन्नास इमारतींना जोड द्यायचे राहिले. गॅसची लाइन कडेने आली, पण समोरच्या बाजूला जायचा आडवा मार्ग ठेवला नाही. मग नवा काँक्रीट कापल्याशिवाय इलाज नसतो. इथे नगरसेवकाचा निरोप प्रत्यक्ष अभियांत्रिकी काम करू शकतो. कार्यादेशाच्या दोन महिने आधी प्रत्येक सोसायटीला विचारायचं: पाण्याचा जोड वाढवायचाय का, ड्रेनेज तुंबतं का, गॅस घ्यायचाय का, सीसीटीव्ही किंवा इंटरनेटची वायर ओलांडायची आहे का. शेवटची तारीख द्यायची. आलेली यादी अभियंत्याला देऊन काँक्रीटखाली ठरावीक अंतरावर रिकामे आडवे पाइप टाकून घ्यायचे आणि त्यांच्या जागा कडेच्या दगडावर रंगाने खुणावून ठेवायच्या. खर्च नगण्य आहे. ही खूण नसेल तर चार वर्षांनी तो पाइप शोधायलाच रस्ता फोडावा लागतो, हेही पाहण्यात आहे.

खाली काय टाकायचं याचा क्रमही ठरलेला असतो. मलवाहिनी उतारावर चालते, तिला पंप नसतो, म्हणून ती सर्वांत खोल आणि सर्वांत आधी. मग पावसाळी गटार. पाण्याची लाइन मलवाहिनीच्या वर आणि तिच्यापासून लांब, कारण दाब गेला की गळक्या जोडातून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. केबल सगळ्यांत वर. आणि चर भरताना माती पंधरा-वीस सेंटिमीटरच्या थरांत, पाणी मारून, कंपन यंत्राने दाबत भरायची. एकाच दमात डंपर रिकामा केला तर पहिल्याच पावसात चराच्या रुंदीएवढा पट्टा खाली बसतो. शहरभर दिसणारे लांबट, सरळ, खचलेले पट्टे याचेच.

पावसाचा विषय निघालाच आहे तर गणपतीबद्दल बोललं पाहिजे, कारण महाराष्ट्रातल्या रस्त्यांचं खरं वेळापत्रक दोन तारखांवर चालतं: मार्चअखेर आणि गणपती. मार्चअखेरीला निधी परत जाऊ नये म्हणून फेब्रुवारीत सगळीकडे एकदम काम निघतं, आणि तेवढे अभियंते देखरेखीला नसतात. गणपती येतात भर पावसाळ्यात. पृष्ठभाग ओला असताना, पाणी साचलेलं असताना गरम डांबरी थर टाकायचाच नसतो. पाण्याची वाफ होते, थर खालच्या थराला धरत नाही. तरीही "बाप्पाच्या आगमनाआधी संपूर्ण डांबरीकरण" अशी घोषणा दरवर्षी होते आणि पाळलीही जाते, हेच दुर्दैव. पावसाळ्यात खड्डा बुजवायचे प्रामाणिक मार्ग मोजके आहेत: खड्डा चौकोनी, उभ्या कडांचा कापायचा, चिखल-पाणी पूर्ण काढायचं, मग कोल्डमिक्स, म्हणजे गरम न करता वापरायचा डांबरी माल, थरांत भरून दाबायचं, किंवा पाऊस उघडला असेल तर मास्टिक, म्हणजे गरम ओतायचं डांबरी मिश्रण. मुरूम टाकला की दोन दिवस चिखल आणि नंतर धूळ; पेव्हर ब्लॉक टाकले की ते सुटून चाकाखाली येतात. नगरसेवकाने जूनमध्येच स्पष्ट लिहावं: ऑक्टोबरपर्यंत तात्पुरती डागडुजी, पक्कं काम पाऊस संपल्यावर. मंडळांनाही त्याच निरोपात सांगता येईल, की मांडवासाठी नव्या रस्त्याला भोकं पाडू नका, वाळू भरलेल्या ड्रममध्ये वासे उभे करा. मंडळाचा अध्यक्ष नाराज होईल. होऊ दे.

मग निरोप असावा तरी कसा? एक नमुना देतो.

"पाण्याची टाकी ते शाळेचा चौक, ३२० मीटर, रुंदी ७ मीटर. काँक्रीट २५० मिमी, एम-४०. कार्यादेश झाला आहे, क्रमांक सोबतच्या फलकाच्या फोटोत. डावी बाजू सोमवारपासून बंद, साधारण सहा-सात आठवडे. उजव्या बाजूने एकेरी वाहतूक. घंटागाडी टाकीच्या कोपऱ्यावर सकाळी साडेसात ते आठ थांबेल. रुग्णवाहिकेला मागच्या गल्लीने रस्ता. त्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लावू नका. मंगळवारी जलवाहिनीच्या जोडणीमुळे संध्याकाळचं पाणी येणार नाही. राहिलेलं: चार चेंबर, ड्रेनेज विभागाकडे मागणी दिली आहे, उत्तर आलेलं नाही. पुढची माहिती पुढच्या शुक्रवारी, काम झालं असो वा नसो."

यात स्तुतीचं एकही विशेषण नाही. शेवटची दोन वाक्यं सर्वांत महत्त्वाची. काय राहिलं हे स्वतःहून सांगणाऱ्या माणसाचं उरलेलं सगळं खरं वाटतं. आणि "काम झालं नाही तरी शुक्रवारी सांगतो" या बांधिलकीने फोन निम्म्यावर येतात, कारण बहुतेक फोन माहितीसाठी असतात, भांडणासाठी नसतात.

रस्ता बंद असताना सर्वांत जास्त भोगतात ते व्हॉट्सअ‍ॅप गटात सहसा नसतात: वॉकर घेऊन चालणारे आजोबा, डायलिसिसला आठवड्यातून दोन-तीनदा जाणारा रुग्ण, हातगाडीवाला, पहाटे दूध-पेपर टाकणारी मुलं, धुणीभांडी करायला तीन वस्त्या ओलांडून येणाऱ्या बायका. त्यांच्यासाठी निरोप कागदावर, किराणा दुकानाच्या दारावर आणि रिक्षा थांब्यावर लावावा लागतो. खोदलेल्या चरावर प्रत्येक फाटकासमोर कठडा असलेली फळी हवी. नुसती लाकडी फळी पावसात घसरते. रात्री दिसणारे परावर्तक पट्टे आणि दिवा हवा. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची (आयआरसी) काम चालू असलेल्या जागेसाठी स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तिकाच आहे, एसपी-५५, आणि ती फक्त महामार्गापुरती नाही. दोरीला बांधलेली लाल चिंधी त्यात बसत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. त्यानंतर तरी कुठला खड्डा कधी कळवला आणि कुणाला, याची तारखेसह नोंद ठेवणं हा नुसता चांगुलपणा राहिलेला नाही. नगरसेवकाचा जुना निरोप उद्या कुणाच्या तरी कुटुंबाचा पुरावा असेल.

गतिरोधकाचंही इथेच सांगून टाकू, कारण नवा रस्ता झाला की आठ दिवसांत मागणी येतेच. आयआरसी-९९ प्रमाणे ताशी पंचवीस किलोमीटर वेगासाठीचा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असतो, आधी फलक आणि वर रंगाचे पट्टे. आपल्याकडे रात्री उरलेल्या मालाचा फूट-दीड फूट रुंदीचा जो उंचवटा घालतात, तो पाठीचा कणा मोडण्याचं साधन आहे. "लोकांच्या मागणीनुसार" असं लिहून नगरसेवकाने त्याची जबाबदारी झटकू नये. मागणी चुकीची असेल तर तसं लिहावं.

या सगळ्यावर हमखास येणारी उत्तरं ठाऊक आहेत. लोकांना तांत्रिक काही नको असतं, हे पहिलं. ज्या लोकांनी स्वतःचं घर बांधताना सळईचा व्यास आणि सिमेंटच्या गोण्या मोजल्या, त्यांना थराची जाडी कळत नाही हे मला पटत नाही. दुसरं उत्तर जास्त खरं आहे: तारीख दिली की विरोधक तीच घेऊन बसतात. बसू देत. एक तारीख न देता "मार्चचा दुसरा ते चौथा आठवडा, जलवाहिनीची तपासणी वेळेत झाली तर" असं लिहिलं, आणि उशीर झाल्याच दिवशी कारण कळवलं, तर विरोधकाकडे फारसं काही उरत नाही. कारण खरं असावं मात्र. "तांत्रिक अडचण" हे कारण नव्हे.

तिसरी अडचण रचनेची आहे. मुंबई सोडली तर बहुतेक महापालिकांत एका प्रभागात चार नगरसेवक, आणि ते चारही एकाच पक्षाचे असतील असं नाही. त्यामुळे एकाच रस्त्याला चार "अथक पाठपुरावे" लागतात आणि तो बिघडला की चौघंही म्हणतात, माझ्या भागातला नाही. चौघांनी मिळून एकच निरोप काढावा ही अपेक्षा भाबडी आहे, पण निदान प्रत्येकाने कार्यादेश क्रमांक लिहिला तर लोकांना कळेल की चार फ्लेक्स आणि रस्ता एकच आहे. फ्लेक्सबद्दल बोलायचं तर विनापरवाना लावलेला फ्लेक्स १९९५ च्या विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो अनेकदा त्याच कामाच्या माहिती फलकावर बांधलेला असतो. ज्या फलकावर ठेकेदाराचं नाव, रक्कम आणि मुदत लिहिलेली असते, नेमका तोच झाकला जातो. योगायोग म्हणावा का?

चौथं उत्तर कुणी उघडपणे देत नाही. आकडे जाहीर केले की टक्केवारी अवघड होते. ज्यांची अडचण ही आहे त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, पण बाकीच्यांना यातून एक ढाल मिळते: जाडी, गाड्या, पावत्या आधीच लोकांपुढे असतील तर ठेकेदार कुणाकडे बोट दाखवून "साहेबांना द्यावे लागले" असं म्हणू शकत नाही.

प्रत्यक्ष भेटून सांगायची सोयही कायद्यात आहे. २००९ च्या दुरुस्तीने राज्याच्या महापालिका आणि नगरपालिका कायद्यांत क्षेत्रसभा आली. नगरसेवकाच्या अध्यक्षतेखाली त्या भागातल्या मतदारांची सभा. बहुतेक शहरांत ती कागदावरच राहिली. ती खुल्या मैदानात, मांडव घालून करायची गरज नाही. जिथे काम सुरू होणार त्या चौकात संध्याकाळी चाळीस खुर्च्या, नकाशा भिंतीला लावलेला, कनिष्ठ अभियंता आणि ठेकेदाराचा माणूस हजर, तासाभरात संपवायची. हळदी-कुंकू, आरोग्य शिबिर, वह्यावाटप यांना जेवढी तयारी लागते तिच्या निम्म्यात हे होतं. आणि या कार्यक्रमांनाही माझा विरोध नाही. प्रभागात माणसं एकमेकांना ओळखत असतील तरच रस्ता बंद असताना शेजारच्या सोसायटीचं फाटक दुसऱ्यासाठी उघडतं. फक्त त्या शिबिराचा निरोप जितक्या तपशिलाने जातो, वेळ, जागा, कोणते डॉक्टर, काय आणायचं, तितक्याच तपशिलाने रस्त्याचा जावा.

सगळ्यांत दुर्लक्षित निरोप काम संपल्यानंतर बऱ्याच काळाने पाठवायचा असतो. प्रत्येक कामाला दोषदायित्व कालावधी असतो. डांबराला साधारण काही वर्षं, काँक्रीटला त्याहून जास्त, नेमका आकडा निविदेत. त्या काळात पडलेला खड्डा, उसवलेला सांधा, खचलेलं चेंबर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचं असतं आणि त्याची अनामत तोवर पालिकेकडे अडकलेली असते. मुदत संपली की ती परत जाते, आणि पुढची दुरुस्ती तुमच्या-आमच्या करातून होते. म्हणून रस्ता झाला त्याच दिवशी मुदत संपण्याची तारीख डायरीत लिहायची आणि तिच्या तीन महिने आधी प्रभागाला विचारायचं: या रस्त्यावर कुठे काय बिघडलंय, फोटो आणि घर क्रमांकासह कळवा. मुदत मेमध्ये संपत असेल तर हा निरोप आदल्या पावसाळ्यातच पाठवायला हवा, कारण पाणी कुठे साचतं ते फेब्रुवारीत दिसत नाही. आलेल्या यादीवर अभियंता आणि ठेकेदार यांच्यासोबत एक संयुक्त पाहणी, पंचनाम्यावर तिघांच्या सह्या, आणि त्याची एक प्रत लेखा विभागाला, कारण अनामतीचा धनादेश तिथून निघतो.